चावी दिली म्हणजे कर्ज फिटत नाही

समजा, तुम्ही सांगलीकडचे आणि नोकरी म्हैसूरजवळच्या बेळगोळ औद्योगिक वसाहतीत. तीन वर्षांपूर्वी केए-09 पाटीची गाडी सात वर्षांच्या कर्जावर घेतली. आता कंपनीनं ओव्हरटाइम बंद केला आहे, किंवा आईवडिलांसाठी गावी परतायचं आहे, आणि हप्ता डोईजड झाला आहे. अशा वेळी बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य निघतं, 'जाऊ दे, बँकेची गाडी बँकेला देऊन टाकू.' हे वाक्य बोलायला सोपं आहे, पण त्याची किंमत लाखभर रुपये पडू शकते.

मुळात गाडी बँकेची नसते. आरसीवर मालक म्हणून तुमचं नाव असतं आणि बँकेचा असतो तो नजरगहाणाचा बोजा. आरटीओत त्याला सगळे 'एचपी' म्हणतात. कर्ज पैशाचं घेतलं आहे, ते पैशानंच फेडायचं आहे आणि गाडी फक्त तारण आहे. त्यामुळे तुम्ही चावी टेबलावर ठेवली तरी बँक हिशेब मिटवायला बांधील होत नाही. ती गाडी विकते, आलेले पैसे कर्जात जमा करते आणि उरलेली रक्कम तुमच्याकडे मागते.

इंग्लंडमध्ये राहणारा एखादा भाचा तुम्हाला वेगळं सांगेल आणि तोही खोटं बोलत नसेल. तिथल्या 1974 च्या ग्राहक कर्ज कायद्यात अशी तरतूद आहे की हप्तेखरेदीच्या करारात एकूण देय रकमेच्या निम्मी रक्कम भरली की गाडी धड अवस्थेत परत करून मोकळं होता येतं. आपल्याकडेही 1972 साली संसदेनं हप्तेखरेदीचा कायदा केला होता. त्यात चौदा दिवसांची नोटीस देऊन वस्तू परत करण्याचा हक्क होता. पण तो कायदा प्रत्यक्षात कधी लागूच झाला नाही आणि 2005 मध्ये रद्द करून टाकला. आज आपली मोटारकर्जं हप्तेखरेदीची नसून नजरगहाणाची असतात. म्हणून यूट्यूबवर विलायती गाडीवाल्यांचे सल्ले ऐकून बँकेत जाऊ नका.

आता आकड्यांकडे येऊ. आठ लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, 84 हप्ते धरले तर हप्ता सुमारे 13,075 रुपये बसतो. 36 हप्ते भरले म्हणजे तुमच्या खिशातून चार लाख सत्तर हजार गेले. पण मुद्दल त्यातलं फक्त दोन लाख ऐंशी हजारांच्या आसपास फिटलं, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. शिल्लक मुद्दल साधारण 5,20,400 रुपये. मुदतीआधी कर्ज बंद करण्याचा आकार तीन टक्के आणि त्यावर जीएसटी धरला तर 18,400 रुपये आणखी. म्हणजे मोकळं व्हायला सुमारे 5,38,800 रुपये लागतात, वर चालू महिन्याचं व्याज.

हीच गाडी तुम्ही स्वतः गिऱ्हाईक शोधून पावणेसहा लाखांना विकली, तर कर्ज फिटून छत्तीस हजार हातात उरतात. तीच गाडी बँकेच्या यार्डात गेली, लिलावात चार लाख साठ हजारांना गेली आणि ओढणावळ, यार्डभाडं, लिलावखर्च मिळून वीस हजार वजा झाले, तर ऐंशी हजारांची बाकी तुमच्या नावावर राहते. विक्रीच्या किमती मी गृहीत धरल्या आहेत, तुमची गाडी वेगळी असेल. पण लिलावातला भाव आणि घरून विकल्याचा भाव यात फरक पडतोच. यार्डात उन्हापावसात उभ्या असलेल्या गाडीला मालकाच्या दारात धुऊनपुसून उभ्या असलेल्या गाडीइतका भाव कोण देईल?

म्हणून पहिलं काम गाडी परत करण्याचं नाही. बँकेकडून फोरक्लोजर स्टेटमेंट मागवायचं. त्यात शिल्लक मुद्दल, आजपर्यंतचं व्याज, दंड, मुदतपूर्व आकार आणि हा आकडा कोणत्या तारखेपर्यंत चालेल हे लिहिलेलं असतं. शाखेत तोंडी सांगितलेला आकडा कितीही गोड वाटला तरी तो धरून चालू नका. ॲपवरून किंवा ईमेलनं मागितलेलं स्टेटमेंट उत्तम, कारण मागितल्याची तारीखही त्यात राहते.

या स्टेटमेंटमधल्या आकाराबद्दल एक मुद्दा माहीत असावा. व्याजदर बदलता असेल आणि कर्ज व्यवसायासाठी नसेल, तर व्यक्तीला दिलेल्या कर्जावर मुदतपूर्व आकार लावू नये असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना 2014 पासून सांगितलेलं आहे. 1 जानेवारी 2026 पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना नवे निर्देश लागू आहेत आणि त्यात पैसे कुठून आणले हा प्रश्नच उरत नाही, लॉक-इनही नाही. अडचण अशी की आपल्याकडची बरीच मोटारकर्जं स्थिर दराची असतात आणि स्थिर दराला ही माफी नाही. तुमचं कोणतं, हे मंजुरीपत्रात पाहा. 1 ऑक्टोबर 2024 नंतरचं कर्ज असेल तर 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' नावाचा तक्ता तुम्हाला दिलेला असायला हवा, तोही तुम्हाला समजेल अशा भाषेत. त्या तक्त्यात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. दंडाच्या बाबतीतही तसंच आहे. ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानुसार थकलेल्या हप्त्यावर दंडव्याज लावून ते मुद्दलात मिसळायची पद्धत बंद झाली आहे. दंड आकारता येतो, पण त्या दंडावर पुन्हा व्याज चढत नाही.

पैसे असतील तर कर्ज आधी बंद करून मग गाडी विकावी, हा राजमार्ग. पैसे नसतील तर गिऱ्हाइकाकडून येणारी रक्कम थेट कर्जखात्यात भरायची आणि बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आल्यावर आरसी त्याच्या नावावर करायची. जुन्या गाड्यांच्या मोठ्या कंपन्या हे रोजच करतात, पण त्यांच्याकडून घ्यायचा कागद लोक विसरतात. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरला नमुना 29-सी मध्ये गाडी ताब्यात घेतल्याची ऑनलाइन सूचना आरटीओला द्यावी लागते आणि त्यानंतर गाडी विकली जाईपर्यंत जबाबदारी त्याची समजली जाते. डीलर अधिकृत आहे का आणि 29-सी भरला का, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर देताना तो चाचरला तर गाडी घरी घेऊन या.

आता कारखान्याच्या गेटवर, चहाच्या टपरीवर सर्वांत जास्त चालणाऱ्या उपायाबद्दल. ओळखीचा एखादा म्हणतो, 'गाडी मला दे, पुढचे हप्ते मी भरतो.' शंभर-पाचशेच्या स्टँपवर एक करार होतो, नोटरीचा शिक्का बसतो, दहा-वीस हजार रोख हातात येतात आणि गाडी जाते. माझ्या मते यापेक्षा वाईट सौदा नाही. चावी परत करण्यापेक्षाही वाईट.

त्याला कारण आहे. आरसीवर नाव तुमचं, कर्ज तुमचं, खात्यातून वळते होणारे हप्ते तुमचे. पहिले चार महिने तो पैसे पाठवतो. पाचव्या महिन्यात त्याचा फोन लागत नाही आणि हप्ता परत जातो. बँकेला तुमच्या स्टँपपेपरशी काही देणंघेणं नसतं. परत गेलेला चेक परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम 138 खाली येतो. खात्यातून आपोआप वळता होणारा हप्ता पैसे नसल्यानं परत गेला, तर 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्याच्या कलम 25 खाली तशीच फौजदारी तक्रार होऊ शकते. इतकंच असतं तरी एक वेळ निभावलं असतं. त्या गाडीनं कुणाला उडवलं तर? नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक हातांत गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर आली. बेळगोळहून गावी जाऊन दोन वर्षं झाली आहेत, आणि मंड्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस दारात येते, असं होऊ शकतं. विमा संपलेला असेल तर भरपाई थेट तुमच्या गळ्यात.

कर्जासकट गाडी दुसऱ्याला द्यायचीच असेल तर बँकेच्या लेखी संमतीनं कर्ज त्याच्या नावावर होऊ दे, आरसीही होऊ दे. बँका याला सहसा राजी नसतात. राजी नसतील तर सौदा सोडून द्या.

हप्ते अजून थकलेले नाहीत, फक्त ओढाताण आहे, अशांनी विकण्याआधी एकदा मुदत वाढवून मागावी. आपल्या उदाहरणातलं शिल्लक कर्ज 48 ऐवजी अधिक महिन्यांवर पसरलं तर हप्ता उतरतो. व्याज जास्त जातं हे खरं आणि पुनर्रचनेची नोंद क्रेडिट अहवालात होऊ शकते, तेही आधी विचारून घ्या. पण नोकरी सहा महिन्यांत पुन्हा लागणार असेल तर गाडी मोडीच्या भावात घालवण्यापेक्षा ते परवडतं.

एवढं सगळं करूनही मार्ग निघाला नाही, तर मग गाडी परत करायची. तीही कागदावर. हप्ते थकून नव्वद दिवस झाले की खातं बुडीत वर्गात जातं. त्याआधी, आपल्या पायांनी जाऊन बोलणी केली तर पदरात काहीतरी पडतं. बँकेला पत्र द्या की आर्थिक अडचणीमुळे मी गाडी स्वेच्छेनं ताब्यात देत आहे. विक्रीआधी मूल्यांकनाची प्रत, लिलावाची तारीख आणि किमान किंमत मला कळवावी. विक्रीनंतर खात्याचा पूर्ण हिशेब द्यावा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच, शिक्का, तारीख. जमत असेल तर त्याच पत्रात तडजोडीची रक्कम मांडा, म्हणजे गाडी घ्या आणि वर इतके रुपये घेऊन खातं पूर्ण बंद करा. बँकेनं हो म्हटलं तर ते हो लेखी हवं. वसुलीवाल्याच्या व्हॉट्सॲपवरचं 'सर, हो जाएगा' कोर्टात टिकत नाही.

गाडी देण्याच्या दिवशी घाई करू नका. मीटरवरचं रीडिंग, चारही बाजू, टायर, काचा, स्टेपनी, जॅक, म्युझिक सिस्टीम यांचे फोटो काढा, तारीख दिसेल असे. ताबा घेणाऱ्याकडून वस्तूंची यादी सहीसह घ्या, त्यावर वेळ आणि यार्डाचा पत्ता लिहायला लावा, त्याचं ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र पाहा. गाडीच्या कप्प्यातली कागदपत्रं आणि चेकबुक बाहेर काढा. फास्टॅग बंद करून अनामत परत मागा, नाहीतर यार्डाकडे जातानाचा टोलही तुमच्या खात्यातून जाईल. विमा कंपनीला कळवा आणि नो क्लेम बोनसचं पत्र घेऊन ठेवा. तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे, आणि तीन वर्षांच्या आत नवी गाडी घेतली तर तिच्या विम्यात वापरता येतो. इतकी मोठी सवलत लोक गाडीबरोबर सोडून देतात, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

जामीनदार असेल तर त्याला आधी सांगा. मेव्हणा किंवा खोलीतला सहकारी जामीन राहिलेला असतो आणि लिलावानंतरच्या बाकीची नोटीस त्यालाही जाते. ती अचानक गेली की नातं कायमचं तुटतं.

बँकेलाही मनमानी करता येत नाही. प्रकाश कौर प्रकरणात 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुंड पाठवून गाड्या ओढण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे मारले. सिटीकॉर्प मारुती फायनान्सच्या 2011 मधल्या निकालातही वसुली कायद्याच्या मार्गानंच झाली पाहिजे, असं सांगितलं. फायनान्स कंपन्यांच्या करारात ताबा घेण्याआधीची नोटीस, विक्रीपूर्वी पैसे भरण्याची शेवटची संधी आणि विक्रीची पद्धत लिहिलेली असली पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेचं 2009 पासूनचं सांगणं आहे. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर वसुलीचे फोन नकोत, हाही नियमच आहे. मात्र 2020 च्या मॅग्मा फिनकॉर्पच्या निकालाकडे दुर्लक्ष करू नका. हप्तेखरेदीच्या त्या करारात ताबा घेण्याचा हक्क दिलेला असल्यानं, थकबाकीनंतर कंपनीनं गाडी नेली ते न्यायालयानं चूक मानलं नाही. म्हणून कराराचं ते पान वाचल्याशिवाय 'गाडी नेऊन दाखवा' अशी भाषा करू नये. आणि आरसी लपवून ठेवून काही साधत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 51 प्रमाणे बँक आरटीओकडे अर्ज करून स्वतःच्या नावावर नवी आरसी काढू शकते.

बेळगोळसारख्या ठिकाणाहून परत येणाऱ्यांच्या वाट्याला येणारी एक खास अडचण पत्त्याची. बँकेकडे तुमचा पत्ता भाड्याच्या खोलीचा असतो. खोली सुटली, नोटिसा तिथेच पडून राहिल्या, लवादाची नोटीस घरमालकानं रद्दीत टाकली, आणि तुमच्या अपरोक्ष लवादाचा निवाडाही होऊन गेला, असा क्रम लागतो. गाव बदललं की त्याच आठवड्यात बँकेत नवा पत्ता लेखी द्या. आरसीवरचा पत्ताही पाहून ठेवा. बेळगोळ हे गाव मंड्या जिल्ह्यातल्या श्रीरंगपट्टण तालुक्यातलं आणि औद्योगिक वसाहतीचा पत्ता मात्र म्हैसूरचा. गाडी केए-09 म्हणजे म्हैसूर पश्चिमची, केए-55 म्हणजे पूर्वेची, की केए-11 म्हणजे मंड्याची, यावर खेटे कुठल्या कार्यालयात घालायचे ते ठरतं. मालक सांगलीला आणि काम मंड्याच्या आरटीओत, म्हणजे एका सहीसाठी रजा काढायची वेळ. शक्यतो निघण्याआधीच कामं उरका.

गाडी परत न करता कर्ज फेडून गावी आणणार असाल, तर बँकेच्या एनओसीबरोबर नमुना 35 च्या सहीशिक्क्याच्या दोन प्रती घ्या, एचपी काढून टाका आणि मग नमुना 28 वर परराज्यात नेण्याची एनओसी काढा. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर तिथली नोंदणी घ्यावी लागते. महाराष्ट्रात पुन्हा कर भरावा लागेल, पण कर्नाटकात भरलेल्या आजीवन कराचा काही भाग गाडीच्या वयानुसार परत मिळतो. कर्नाटकातला हा कर चढा आहे. पाच ते दहा लाखांच्या गाडीला 14 टक्के आणि त्यावर अधिभार. त्यामुळे परताव्याची रक्कम सोडून देण्याइतकी लहान नसते. महाराष्ट्रातली नवी आरसी हातात आल्यावर मूळ पावतीसह अर्ज करायचा. पावती हरवली असेल तर काम अडतं, म्हणून ती आजच शोधा.

गाडी कंपनीच्या लीजवर असेल, जशी म्हैसूरच्या आयटी कंपन्यांत काहींना मिळते, तर हे गणित पुष्कळ वेगळं आहे. तिथं गाडी खरोखरच तुमची नसते. ती परत करता येते, पण नोकरी सोडल्यावर मुदतपूर्व समाप्तीचा आकार शेवटच्या पगारातून वळता होतो. राजीनामा टाकण्याआधी एचआरकडून तो आकडा मागून घ्या.

कर्ज कसंही मिटलं, तरी क्रेडिट अहवालातला शब्द तपासा. 'क्लोज्ड' आणि 'सेटल्ड' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सेटल्ड म्हणजे बँकेनं काही पैसे सोडले, आणि पुढचा गृहकर्ज देणारा ते वाचतो. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एक अहवाल फुकट मिळतो. चूक असेल तर तक्रार करा. तीस दिवसांत ती मिटली नाही तर त्यापुढे दररोज 100 रुपये भरपाईचा नियम आहे.

बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, वकील किंवा शुल्क लागत नाही. 14448 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. ग्राहक आयोगात जायचं ठरलं तर म्हैसूरला खेपा घालायची गरज नाही. 2019 च्या कायद्यानं तुम्ही आज जिथं राहता किंवा नोकरी करता, त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याचा हक्क दिला आहे.

आणि खासगी गाडीचं सगळं कर्ज फेडलं असेल तर तारीख लिहून ठेवा. मूळ कागद परत करायला बँकेला तीस दिवस आहेत. तिच्या चुकीमुळे उशीर झाला तर एकतिसाव्या दिवसापासून दररोज 5,000 रुपये भरपाई देणं तिच्यावर बंधनकारक आहे. ती आपणहून कुणी देत नाही, लेखी मागा.